जीएसटी थकबाकीच्या हप्त्यांची सवलत रद्द झाली आहे. आता काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तुमचे स्वतःच्या एकट्याच्या मालकीचे लहान मशीन शॉप आहे. जुन्या वर्षांच्या तपासणीतून निघालेली जीएसटीची थकबाकी २४ मासिक हप्त्यांत भरण्याची परवानगी तुम्हाला मिळाली होती, मोठ्या गिऱ्हाइकांचे पैसे वेळेवर न आल्याने दोन हप्ते चुकले, आणि आता सवलत संपली असून उरलेली सर्व रक्कम ताबडतोब भरावी असे पत्र आले आहे. बँकेचे खाते गोठवले जाईल का, पुन्हा हप्ते मिळतील का आणि या पत्राविरुद्ध अपील करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी बेळगावात लहान कारखानदार आणि व्यापारी यांची कराची व हिशेबाची कामे पाहतो. असे पत्र हाती पडल्यावर माणसाची झोप उडते हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हप्त्यांची सवलत कलम ८० खाली मिळते. २०१७ च्या केंद्राच्या आणि कर्नाटकाच्या, अशा दोन्ही जीएसटी कायद्यांत हे कलम सारखेच आहे. आयुक्तांनी कारणे लेखी नोंदवून जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मंजूर करावेत, त्या काळात कलम ५० प्रमाणे व्याज चालू राहावे, आणि एक जरी हप्ता ठरल्या तारखेला चुकला तरी त्या दिवशी शिल्लक असलेली संपूर्ण रक्कम तत्काळ देय होऊन, वेगळी नोटीस न देता, वसुलीस पात्र ठरावी अशी त्याची रचना आहे. म्हणजे तुमची सवलत पहिला हप्ता चुकला त्याच दिवशी कायद्याने संपली होती; आलेले पत्र हे त्याची केवळ खबर आहे. पुढची पायरी थेट वसुलीची असू शकते आणि त्याआधी तुम्हाला आणखी एखादे पत्र येईलच असे नाही. पत्र हाती असूनही खाते अजून मोकळे असेल, तर ते दिवस फार मोलाचे आहेत. ते या आठवड्यात वापरा.

सर्वांत आधी नेमकी किती रक्कम शिल्लक आहे ते स्वतः काढा. पत्रातला आकडा तसाच धरून चालू नका. जीएसटीच्या पोर्टलवर तुमच्या नावाच्या इलेक्ट्रॉनिक लायबिलिटी लेजरच्या, म्हणजे देण्यांच्या खातेवहीच्या, दुसऱ्या भागात प्रत्येक मागणी तिच्या डिमांड आयडीसह (मागणी क्रमांकासह) दिसते. तिथे कर, व्याज आणि दंड हे तिन्ही स्तंभ वेगवेगळे असतात. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण चालू व्याज कराच्या रकमेवर वर्षाला १८ टक्के दराने लागते, दंडावर किंवा आधीच्या व्याजावर लागत नाही. समजा, शिल्लक ६ लाख रुपये आहे आणि त्यात मूळ कर ४ लाख आहे, तर महिन्याला साधारण ६,००० रुपये व्याज वाढेल, ९,००० नव्हे. शिवाय हाती पैसे येतील तसे आधी कराच्या स्तंभात भरले, तर पुढचे व्याज तेवढ्याने घटते. ही रक्कम कुठल्या स्तंभात जाते आहे हे भरताना स्वतः पाहा, नुसत्या एकूण आकड्यावर समाधान मानू नका.

पैसे कसे भरले यावरही बरेच अवलंबून असते, आणि इथे मी पुष्कळ प्रामाणिक माणसांचे नुकसान झालेले पाहिले आहे. चलन भरले की पैसे प्रथम पोर्टलवरील तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे रोख जमेच्या वहीत, जमा होतात. तिथून ते त्या विशिष्ट डिमांड आयडीपोटी वळते केल्याशिवाय मागणी कमी होत नाही आणि कर खात्याच्या दृष्टीने हप्ता भरलेला दिसत नाही. दुसरा प्रकार डीआरसी-०३ या ऐच्छिक भरण्याच्या नमुन्याचा. निपाणीच्या एका व्यापाऱ्याने आपले हप्ते निष्ठेने भरले होते, पण ते ऐच्छिक भरणा म्हणून डीआरसी-०३ वर; मागणी पोर्टलवर जशीच्या तशी उभी राहिली आणि त्याला थकबाकीदार ठरवले गेले. अशा भरण्याची सांगड मूळ मागणीशी घालण्यासाठी २०२४ मध्ये डीआरसी-०३ए हा नमुना आला आहे. तुमच्या आधीच्या हप्त्यांपैकी काही या दोन्हींपैकी कुठे अडकले असतील, तर ते आधी सोडवा. कदाचित चुकलेला धरलेला एखादा हप्ता मुळात चुकलेलाच नसेल, आणि तसे निघाले तर तुमच्या अर्जाचा सारा रोखच बदलेल.

हे झाले की चुकलेले दोन्ही हप्ते व्याजासह, शक्य असेल तर पुढच्या हप्त्यासह, लगेच भरून टाका. त्यामुळे रद्द झालेली सवलत आपोआप जिवंत होत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण रक्कम भरल्याची पावती जोडून समोर गेलेल्या माणसाचे म्हणणे आणि फक्त मुदत मागणाऱ्याचे म्हणणे अधिकारी सारख्या कानांनी ऐकत नाहीत.

आता पुन्हा हप्ते मिळण्याविषयी. अर्ज डीआरसी-२० या नमुन्यात करायचा आणि आदेश डीआरसी-२१ मध्ये मिळायचा, ही पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. जीएसटी नियमांतील नियम १५८ प्रमाणे ज्याच्याविरुद्ध न भरलेल्या रकमेची वसुली आधीच चालू आहे त्याला ही सुविधा देता येत नाही. २५,००० रुपयांहून कमी रकमेसाठीही देता येत नाही. आणि मागील आर्थिक वर्षात हप्ते मिळाले होते का, हेही पाहिले जाते. या अटी पाहता तुमची वाट अरुंद आहे. तरीही अर्ज करावा असे माझे ठाम मत आहे, आणि तो वसुलीची कारवाई सुरू होण्याआधी करावा. खाते गोठवल्यानंतर पहिली अटच आडवी येते. त्याआधी अर्ज पोचला असेल, तर तो विचारात घ्यायला अधिकाऱ्याला निदान जागा राहते. कलम ८० मध्ये हप्त्यांखेरीज नुसती मुदत वाढवून देण्याचाही अधिकार आहे, म्हणून अर्जात दोन्ही मागण्या करा: शक्य असल्यास कमी हप्त्यांचे नवे वेळापत्रक, नाहीतर ठरावीक तारखेपर्यंत मुदत.

अर्ज लिहिताना एक अडचण नीट समजून घ्या, कारण बहुतेक अर्ज इथेच कोसळतात. नियमाप्रमाणे आयुक्त तुमच्या पैसे भरण्याच्या आर्थिक क्षमतेविषयी स्थानिक अधिकाऱ्याकडून अहवाल मागवतात. म्हणजे तुम्हाला एकाच वेळी दोन गोष्टी पटवायच्या असतात: सगळी रक्कम एकदम भरणे मला अशक्य आहे, आणि दरमहा इतकी रक्कम भरणे मला निश्चित शक्य आहे. पुष्कळ जण पहिल्या गोष्टीवर पाने भरतात, धंदा बसला, कामगार गेले, घरात आजारपण आहे असे सारे लिहितात, आणि ते सर्व खरे असूनही वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की हा माणूस हप्तेही भरू शकणार नाही. तुम्ही दुसऱ्या गोष्टीवर जास्त जोर द्या. गेल्या काही महिन्यांचे बँक उतारे, हातात असलेल्या ऑर्डरी, कोणाकडून किती येणे आहे आणि ते कधी अपेक्षित आहे याची यादी, पगार आणि विजेच्या बिलाचा मासिक खर्च, आणि त्यातून उरणाऱ्या रकमेचा महिनावार तक्ता जोडा. हप्ता त्या तक्त्यातून उगवलेला दिसला पाहिजे. हप्ते का चुकले याचा पुरावाही द्या: गिऱ्हाइकाच्या खात्याचा उतारा, बिलाची तारीख, प्रत्यक्ष पैसे आल्याची तारीख. आणि पहिल्या हप्त्याची रक्कम पुढच्या हप्त्यांपेक्षा मोठी ठेवा. माझ्या अनुभवात, सुरुवातीला भरलेली चांगली मोठी रक्कम जेवढे काम करते तेवढे इतर कोणतेही कागद करत नाहीत.

अर्ज पोर्टलवर तर कराच, पण त्याची प्रत आदेशावर ज्यांचा हुद्दा आहे त्या कार्यालयात प्रत्यक्ष देऊन पोच घ्या. तुमचे प्रकरण राज्याच्या वाणिज्य कर खात्याकडे आहे की केंद्रीय जीएसटीच्या बेळगाव आयुक्तालयाकडे, हे मूळ आदेशावरून पक्के करा. एकाकडचा कागद दुसऱ्याकडे देऊन आठवडा वाया गेल्याची उदाहरणे आहेत. भाषेबद्दलही सांगतो, कारण आपल्या भागात हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. राज्याच्या खात्याचे पत्र कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला ते पुरते वाचता येत नसेल, तर अंदाजाने अर्थ लावू नका. जाणकाराकडून ओळ न् ओळ समजून घ्या, कारण त्यात मुदतीचा एखादा दिवस दडलेला असू शकतो. तक्रारीचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे आणि त्या हक्काबद्दल मला आस्था आहे. तरीही या कामापुरता सल्ला असा की अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्यावा आणि हवे तर मराठी प्रत सोबत जोडावी. इथे दिवस मोजके आहेत आणि कागद त्याच टेबलावर त्याच दिवशी वाचला जाणे तुमच्या हिताचे आहे.

अपिलाचे उत्तर निराश करणारे आहे. कलम १२१ मध्ये ज्या आदेशांविरुद्ध अपील चालत नाही त्यांची यादी आहे आणि कलम ८० खालचा आदेश त्या यादीत आहे. म्हणून हप्ते नाकारले किंवा रद्द केले, तर अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येत नाही. उरतो तो कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट अर्ज. भरलेले हप्ते हिशेबात धरलेच नाहीत किंवा देण्यापेक्षा जास्त रकमेची वसुली लावली, अशी ठळक चूक असेल तरच त्या वाटेचा विचार करावा. केवळ पैसे नव्हते या कारणासाठी तिथला खर्च करणे मला योग्य वाटत नाही. मूळ मागणीचा आदेशच चुकीचा होता असे वाटत असेल, तर कलम १०७ चे अपील वेगळे आहे: आदेश मिळाल्यापासून तीन महिने, आणि पुरेसे कारण असल्यास आणखी एक महिना. वादातील कराच्या १० टक्के रक्कम आधी भरली की उरलेल्या रकमेची वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबते. पण हप्ते सुरू होऊन बराच काळ लोटला असल्याने ही मुदत तुमच्या बाबतीत बहुधा संपलेली आहे. आदेशाची तारीख मात्र एकदा पाहून घ्या.

खाते गोठवले जाईल का? होय, तसे होऊ शकते, आणि बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच होते. कलम ७९ प्रमाणे अधिकारी डीआरसी-१३ ही नोटीस बँकेला देऊ शकतात, तशीच ती तुमचे पैसे देणे असलेल्यांनाही देऊ शकतात. म्हणजे कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या ज्या कंपनीला तुम्ही माल देता तिला असे पत्र जाऊ शकते की या माणसाचे पैसे आम्हाला भरा. लहान कारखानदाराला खाते गोठण्यापेक्षा हे जास्त लागते, कारण ऑर्डर देणाऱ्याचा विश्वास तिथे हलतो. पुढच्या पायऱ्यांमध्ये जंगम व स्थावर मालमत्तेची जप्ती आणि जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवणे हे प्रकार येतात. धंदा एकट्याच्या मालकीचा असल्याने तुमची वैयक्तिक मालमत्ताही यातून सुटत नाही. मात्र दिलेली नोटीस बदलण्याचा, मागे घेण्याचा किंवा तिच्यातील मुदत वाढवण्याचा अधिकार त्याच अधिकाऱ्याला कलम ७९ मध्येच दिलेला आहे, आणि हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून खाते गोठले तरी कामगारांच्या पगाराची यादी आणि रक्कम भरण्याचे वेळापत्रक घेऊन नोटीस अंशतः मागे घेण्याची लेखी विनंती करा. गोठवलेले खाते कॅश क्रेडिटचे असेल तर तेही लिहा: त्या खात्यात बँकच तुमच्याकडून घेणेकरी आहे, तुमचे पैसे तिच्याकडे पडलेले नाहीत.

या धावपळीत दोन गोष्टी करू नका. एक, चालू महिन्यांची जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रे थांबवू नका. जुना हप्ता भरण्यासाठी चालू कर मागे ठेवण्याचा मोह होतो, पण विवरणपत्रात स्वतः दाखवलेल्या कराला कलम ८० ची सवलत मुळीच मिळत नाही, आणि सलग दोन कालावधींची विवरणपत्रे राहिली की मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल अडते. बेळगावच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको: कागलचा नाका ओलांडला की आपला माल परराज्यात जातो, आणि दुसऱ्या राज्यातील मालकाकडून जॉबवर्कसाठी येणाऱ्या मालाला तर रक्कम कितीही लहान असली तरी ई-वे बिल लागते. गाडी थांबली की पैसे थांबले, आणि मग हप्त्यांचे बोलणेच उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे प्लॉट किंवा शेतीचा उतारा घाईघाईने पत्नीच्या वा भावाच्या नावावर करू नका. रक्कम देय झाल्यानंतर सरकारी महसूल बुडवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर कलम ८१ प्रमाणे रद्दबातल ठरते, आणि शिवाय तुमच्या प्रामाणिकपणाविषयी एक वाईट कागद कायमचा तयार होतो.

पैसे उभे करण्याचा खरा झरा तुमच्या येण्यांमध्ये आहे. उद्यम ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे कमाल ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याचे बंधन आहे, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज देणे लागते. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मधील दुरुस्तीमुळे २०२४-२५ या आकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही, त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग आता पूर्वीपेक्षा लवकर ऐकतात. एक शांत, नेमके पत्र लिहा आणि त्यात दोन्ही तरतुदींचा उल्लेख करा. कायमचे गिऱ्हाईक तोडण्याची गरज नाही. कर्जाचा विचार करत असाल, तर तुलना १८ टक्क्यांशी करा. बँकेचे किंवा सहकारी सोसायटीचे तारण कर्ज त्याहून स्वस्त मिळत असेल तर ते घेऊन मागणी मिटवणे शहाणपणाचे आहे. महिन्याला ३ टक्के घेणाऱ्या सावकाराकडे मात्र जाऊ नका. ते वर्षाला ३६ टक्के होतात, म्हणजे सरकारच्या दुप्पट.

कोल्हापूरच्या पाहुण्यांनी अभय योजनेविषयी, म्हणजे थकबाकीत सूट देणाऱ्या योजनेविषयी, काही सांगितले असेल, तर त्यावर विसंबू नका. महाराष्ट्राच्या अभय योजना त्या राज्याच्या कायद्यांखालील थकबाकीसाठी असतात आणि सीमेच्या या बाजूला त्यांचा उपयोग नाही. कर्नाटकाच्या करसमाधान योजना मुख्यतः जीएसटीपूर्व करांच्या व्याज-दंडासाठी निघाल्या. २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांच्या जीएसटी मागण्यांवरील व्याज व दंड माफ करणारे कलम १२८ए आले होते खरे, पण त्यासाठी कर भरण्याची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली.

हाच प्रश्न आयकराच्या थकबाकीबाबत असणाऱ्यांसाठी दोन वाक्ये: १९६१ च्या कायद्याच्या कलम २२० मध्येही एक हप्ता चुकला की सर्व रक्कम देय होते आणि महिन्याला १ टक्का व्याज लागते, पण तिथे खरी हलाखी, आवाक्याबाहेरची परिस्थिती आणि चौकशीत सहकार्य या तिन्ही गोष्टी दाखवता आल्या तर व्याज कमी करण्याचा अर्ज वरिष्ठ आयुक्तांकडे करता येतो. नव्या आयकर कायद्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची असल्याने कलमांचे क्रमांक आपल्या नोटिशीवरून पडताळून घ्या.

शेवटची रक्कम भराल तेव्हा लायबिलिटी लेजरमध्ये त्या डिमांड आयडीसमोर शून्य दिसते आहे याची छापील प्रत काढून ठेवा. मधल्या काळात खाते गोठवले गेले असेल, तर रक्कम भरल्यावर ते आपोआप उघडेल अशी वाट पाहू नका: नोटीस मागे घेतल्याचे पत्र अधिकाऱ्याकडून मागून घ्या, ते बँकेच्या शाखेत आणि ज्या गिऱ्हाइकांना नोटीस गेली होती त्या प्रत्येकाकडे स्वतः पोचवा, आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या.